खान्देशातल्या मुस्लिम बाईने कमी पैशात परदेश कसा फिरायचा आणि तिकडच्या लोकांच्या घरी कसं राहायचं

भुसावळ, जळगाव, अमळनेर, धुळे, नंदुरबार, आपल्या भागातल्या कितीतरी मुली आणि बाया मला विचारतात की आपा, तुम्ही एकट्या बाहेरच्या देशात जाता, अनोळखी माणसांच्या घरी राहता, भीती नाही वाटत का, घरचे सोडतात कसे, नमाजचं काय, खाण्याचं काय, आणि मग सगळ्यात शेवटी हळूच, पैसे किती लागतात. प्रत्येकीला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहिते. लांबलचक होईल पण नीट वाचा, कारण यातलं बरंचसं कुठलाच एजंट सांगत नाही.

आधी एक गोष्ट ठाम सांगते. लोकांच्या घरी राहायचं ते फुकट झोपायला मिळतं म्हणून नाही. पैसे वाचतात हे खरंय, पण आपल्यासारख्या बाईसाठी मोठा फायदा वेगळा आहे, घरात दुसरी बाई असते, स्वयंपाकघर असतं, वजूला म्हणजे नमाजआधी हातपाय-तोंड धुवायला पाणी आणि नमाजला कोपरा असतो, रात्री आठनंतर रस्त्यावर जेवण शोधत फिरावं लागत नाही. पण हे सगळं सुरक्षित कधी, तर त्या घरातून कुठल्याही क्षणी उठून निघता येत असेल तेव्हा. म्हणजे हॉटेलच्या एका रात्रीचे आणि तिथपर्यंतच्या टॅक्सीचे पैसे तुमच्याकडे कायम वेगळे पाहिजेत, कोणाला मागायची गरज न पडता. ते नसतील तर जाऊ नका, अजून सहा महिने साठवा आणि मग जा. मी बाकी जे काही सांगणार आहे ते सगळं याच्या नंतरचं.

घरच्यांशी बोलणं

ही पायरी सगळे उरकून टाकतात आणि मग ऐनवेळी भांडणं होतात. मेहरमचा, म्हणजे सोबत नवरा किंवा बाप-भाऊ-मुलगा असा जवळचा पुरुष असण्याचा, प्रश्न येणारच. बहुतेक हनफी उलेमा, म्हणजे आपल्याकडे बहुतेक जण मानतात त्या पंथाचे धर्मपंडित, साधारण 77-78 किलोमीटरच्या पुढचा प्रवास बाईने मेहरमशिवाय करू नये असंच सांगतात, आणि आजच्या काळातले काही उलेमा रस्ता आणि ठिकाण सुरक्षित असेल तर मोकळीक देतात. मी फतवा देणारी नाही, तुम्ही ज्यांचं मानता त्यांना विचारा. पण घरात बोलताना एवढं माहीत असू द्या की भारतातून 2018 पासून 45 वर्षांवरच्या बाया चार-चार जणींच्या गटात मेहरमशिवाय हजला जायला लागल्या, म्हणजे ही चर्चा आपल्यापासून सुरू झालेली नाही. आणि ज्यांना एकटीने जाणं पटत नाही त्यांनी बहिणीला, आईला, मैत्रिणीला घेऊन जावं, खाली लिहिलेलं सगळं दोघींनाही तसंच लागू आहे, उलट दोघींना घर लवकर मिळतं.

वाद घालण्यापेक्षा कागद दाखवलेला बरा पडतो. मी एका कागदावर सगळं लिहून घरी भिंतीला लावून जाते, जाण्या-येण्याची तिकिटं, ज्यांच्याकडे राहणार त्यांचं नाव पत्ता फोन, त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा नंबर, कोणत्या दिवशी कुठे असणार, रोज किती वाजता फोन करणार. आणि व्हिडिओ कॉल. मलेशियातल्या एका घरी जायच्या आधी अम्मीला कॉलवर बसवलं, तिकडची बाई साठीच्या पुढची, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, मी मध्ये इंग्रजीतून जमेल तसं सांगतेय. अम्मीने पहिला प्रश्न काय विचारला तर खोलीला आतून कडी आहे का. त्या बाईंच्या लेकीने फोन हातात घेऊन खोलीपर्यंत चालत जाऊन दार लावून, कडी घालून, परत उघडून दाखवली. अम्मीचा चेहरा तिथेच सैल पडला. अब्बूंना मी दोन महिने समजावत होते, ते काम त्या कडीने केलं. तेव्हापासून मी सुद्धा प्रत्येक घरी हाच प्रश्न विचारते आणि ज्यांना त्याचा राग येतो त्यांच्याकडे जात नाही.

पासपोर्ट, आणि त्यातलं आपलं नाव

36 पानांच्या साध्या पासपोर्टची फी 1500 रुपये, तत्काळ पाहिजे तर वरून 2000. अर्ज पासपोर्ट सेवाच्या सरकारी वेबसाइटवर स्वतः भरता येतो, अपॉइंटमेंट जवळच्या केंद्राची घ्यायची, मग आपल्या पोलीस स्टेशनचं व्हेरिफिकेशन. दहावीची मार्कशीट सोबत न्या, दहावी पास असाल तर ईसीआरचा, म्हणजे काही देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते असा, शिक्का लागत नाही आणि पुढे बरेच प्रश्न वाचतात. लग्न झालेल्या बायांनी हे लक्षात घ्या की डिसेंबर 2016 मध्ये नियम सोपे झाले, पासपोर्टसाठी मॅरेज सर्टिफिकेट सक्तीचं राहिलेलं नाही आणि माहेरचं नाव बदललंच पाहिजे असंही नाही. फोटोत स्कार्फ चालतो, फक्त हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा पूर्ण दिसला पाहिजे.

आता नावाचं. आपल्याकडे "शेख अमुक शेख तमुक" असं नाव लिहितात, कोणाच्या टीसीवर शेख पुढे, आधारवर मागे, कोणाचं "बी" जोडलेलं, कोणाचं "बानो" एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, आणि पुष्कळ बायांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना सरळ रिकामाच असतो. असला एकच नाव असलेला पासपोर्ट घेऊन दुबईला निघाल तर अडकाल, नोव्हेंबर 2022 पासून यूएईने व्हिजिट आणि टुरिस्ट व्हिसासाठी एकच नाव असलेला पासपोर्ट बंद केलाय, मागच्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तरच चालवून घेतात. म्हणून अर्ज करायच्या आधीच आधार, मार्कशीट, पॅन सगळं एका स्पेलिंगवर आणा, नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्या रकान्यात नीट वेगळं भरा, मन्यार, पिंजारी, तडवी, बागवान, खाटीक जे असेल ते. आणि विमानाचं तिकीट काढताना अक्षर न् अक्षर पासपोर्टवर आहे तसंच टाका, घरी लोक काय हाक मारतात ते नाही.

पहिल्यांदा कुठे जायचं

मला विचाराल तर पहिला देश मलेशिया. भारतीयांना 1 डिसेंबर 2023 पासून 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, ही सवलत 2026 च्या शेवटापर्यंत वाढवलेली आहे, तरी तिकीट काढायच्या दिवशी सरकारी साइटवर परत एकदा बघाच कारण असले नियम कधीही फिरतात. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत एमडीएसी नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, तो फुकट आहे, गुगलवर वरती येणाऱ्या कितीतरी साइट त्याचे पैसे घेतात, त्यांच्या नादी लागू नका. स्टेशन, मॉल, पेट्रोल पंप, जिथे जाल तिथे सुराउ म्हणजे नमाजची खोली असते, बायांची वेगळी, आणि आत टेलेकुंग म्हणजे नमाजचा पांढरा पायघोळ कपडा टांगलेला असतो. हॉटेलांवर जाकिमचा, म्हणजे तिथल्या सरकारी इस्लामी खात्याचा, हलाल लोगो बघायचा की विषय संपला. मामक म्हणजे तमिळ मुस्लिमांची हॉटेलं, तिथे चहा, रोटी चनाई, डाळ असं आपल्या जिभेला ओळखीचं मिळतं. पेनांगच्या जॉर्जटाऊनमधली कपितान केलिंग मशीद तर भारतातून गेलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांनीच 1801 च्या सुमारास उभी केलेली, तिथे जाऊन बसलं की आपल्याच माणसांच्या जागेत आल्यासारखं वाटतं.

ज्यांना एवढंही लांब नको त्यांनी नेपाळपासून सुरू करा, भारतीयांना पासपोर्ट लागत नाही, वोटर कार्डवर काम होतं. काठमांडूत घंटाघराजवळ जामे मशीद आहे, तिच्या आसपास हलाल जेवण मिळतं, बाकी ठिकाणी डाळभातावर राहायचं.

उझबेकिस्तान मला मनापासून आवडतं. ई-व्हिसा घरबसल्या निघतो, एकदा प्रवेशाचा 30 दिवसांपर्यंतचा 20 डॉलरला. लोक हनफी आहेत त्यामुळे नमाजच्या वेळा आपल्यासारख्याच, समरकंदजवळ इमाम बुखारींची कबर आहे. पण घरी राहणाऱ्यांसाठी तिथे एक अडचण आहे ती आधी समजून घ्या. परदेशी माणूस तिथे तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला की राहण्याची नोंद लागते, हॉटेलवाले आपोआप करतात, पण कोणाच्या घरी राहिलात तर ती नोंद यजमानाने करायची असते. म्हणून पहिल्या मेसेजमध्येच विचारायचं की तुम्ही माझी नोंद कराल का. नाही म्हणाले, टाळाटाळ केली तर तिथे फक्त चहाला जा आणि झोपायला नोंद करणाऱ्या गेस्टहाऊसमध्ये.

तुर्कीचं सगळ्यांना वेड आहे पण आपल्याला तिथला ई-व्हिसा सरसकट मिळत नाही, त्यासाठी अमेरिका, ब्रिटन, युरोपचा शेंगेन नाहीतर आयर्लंडचा चालू व्हिसा लागतो, नसेल तर पासपोर्टवर चिकटवतात त्या स्टिकर व्हिसाची पूर्ण फाइल करावी लागते. पहिल्या प्रवासाला तो ताप कशाला.

घर शोधायचं कसं

इथे घाई करू नका. मी तर म्हणते तिकिटापेक्षा जास्त वेळ यावर घालवा.

घरं शोधायच्या साइट आणि संस्था बऱ्याच आहेत. काउचसर्फिंग सगळ्यात मोठी, 2004 पासूनची, पण 2020 मध्ये त्यांनी पैसे घेणं सुरू केलं. बीवेलकम फुकट आहे, स्वयंसेवक चालवतात, लोक कमी आहेत पण वाचून उत्तर देतात. सर्वास ही जुनी संस्था, 1949 मध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर शांततेच्या कामातून सुरू झालेली, तिथे आधी तुमची मुलाखत होते, मग ओळखपत्र मिळतं, आणि साधारण दोन रात्री राहायची पद्धत आहे. मुलाखत असल्यामुळे आपल्या घरच्यांना पटवायला ही सगळ्यात सोपी, आणि सर्वास भारतातही आहे. फक्त बायांसाठी बघायचं तर होस्ट अ सिस्टर नावाचा फेसबुक ग्रुप आहे, तिथे बाईच बाईला घरी ठेवते. आणि विमेन वेलकम विमेन वर्ल्ड वाइड ही 1984 पासूनची बायांचीच संस्था, तिथे बऱ्याच जणी वयाने मोठ्या आहेत आणि मला ते फार सोयीचं वाटतं.

यातलं काही जमलं नाही तर मलेशियात सरकारी नोंदणीचा होमस्टे कार्यक्रम आहे, 1995 पासून चालू. कंपोंग म्हणजे गावातल्या घरात पैसे देऊन राहायचं, जेवण घरचंच. हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं आणि कोणाच्या उपकाराखाली राहिल्यासारखं वाटत नाही. ज्या बायांना फुकट राहणं अवघड वाटतं त्यांनी सरळ हेच करावं, यात काही कमी नाही.

काम करून राहायच्या साइट पण असतात, रोज चार-पाच तास हॉस्टेलमध्ये काम करा आणि फुकट राहा. टुरिस्ट म्हणून गेल्यावर असं काम करणं बऱ्याच देशांत बेकायदेशीर धरतात, पैसे घेतले नाहीत तरी. मी यापासून लांब राहायलाच सांगेन.

प्रोफाइल वाचताना मी काय बघते ते सांगते. माझं घर म्हणजे जिथे बाई राहते असंच घर, एकट्या पुरुषाकडे नाही, कितीही चांगले रेफरन्स, म्हणजे साइटवर लोकांनी एकमेकांबद्दल लिहिलेले अनुभव, असले तरी नाही. रेफरन्स कोणी लिहिलेत ते बघा, एकट्या आलेल्या बायांनी लिहिलेत का, त्यांनी काय लिहिलं नाही तेही बघा. पन्नास रेफरन्स चांगले आणि एक वाईट असेल तर तो एक नीट वाचा, वाईट लिहायला बाईला खूप हिंमत लागते. सगळ्या बाया फक्त "छान माणूस, शहर दाखवलं" एवढंच लिहून गप्प असतील तर मी त्यातल्या दोघींना मेसेज करून सरळ विचारते की तू परत तिथे राहशील का. बहुतेक जणी खरं सांगतात. "फक्त मुलींना ठेवतो", "एकच बेड आहे शेअर करावा लागेल", "घरात आम्ही मोकळे राहतो", असं दिसलं की पुढे वाचायचंच नाही. आणि कोणी दुसऱ्याच मेसेजला व्हॉट्सअॅपवर ये, फोटो पाठव म्हणालं तर तिथेच ब्लॉक.

तुमचं स्वतःचं प्रोफाइल रिकामं असेल तर कोणी उत्तर देत नाही, आणि रेफरन्स नाही म्हणून घर नाही, घर नाही म्हणून रेफरन्स नाही असं होऊन बसतं. यावर आपल्या भागात सोपा उपाय आहे. अजिंठा बघायला येणारे परदेशी लोक जळगाव नाहीतर भुसावळ स्टेशनवर उतरतात, त्यात एकट्या बाया पण असतात. त्यांना मेसेज करा, स्टेशनवर भेटा, एक जेवण खाऊ घाला, अजिंठ्याच्या बसमध्ये बसवून द्या. ती बाई मनापासून चांगलं लिहून जाते. घरी ठेवायचंच असेल तर परदेशी पाहुणा आल्यावर 24 तासांत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते, लोक ज्याला फॉर्म सी म्हणतात ती, ती विसरू नका. हिवाळ्यात वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्लेली बाई तुम्हाला तिच्या देशात रस्त्यावर सोडणार नाही.

मेसेज काय लिहायचा

कॉपी-पेस्ट मेसेज लगेच ओळखू येतो. समोरच्याच्या प्रोफाइलमधली एक गोष्ट उचला, आणि स्वतःबद्दल सगळं आधीच सांगून टाका, लाजू नका. माझा मेसेज साधारण असा असतो, इंग्रजीत लिहिते पण मजकूर हाच.

"अस्सलामु अलैकुम. मी भारतातल्या महाराष्ट्रातून येतेय, शाळेत शिकवते. तुम्ही घराच्या मागे भाज्या लावता ते वाचलं, आमच्याकडे पण केळी आणि कापसाची शेती असते, मला ते बघायला आवडेल. मला अमुक तारखेपासून दोन रात्री राहायचं आहे. मी स्कार्फ घालते, पाच वेळा नमाज पढते त्याला फक्त थोडी स्वच्छ जागा लागते. मी हलालच खाते, ते नसलं तर भात, भाजी, अंडी चालतात, माझ्यासाठी वेगळं काही करू नका. मला बाईसोबत किंवा वेगळ्या खोलीत झोपायला पाहिजे. संध्याकाळी मी लवकर घरी येते. घरात कोण कोण असतं आणि खोलीला आतून कडी आहे का ते कळवाल का. माझ्या आईला तुमच्याशी एकदा व्हिडिओ कॉलवर बोलायचं आहे."

बिगरमुस्लिम घरी लिहिताना सलामच्या जागी नमस्कार, आणि दोन गोष्टी जास्त विचारायच्या, घरात कुत्रा आहे का आणि दारू पितात का. कुत्रा असला म्हणून घर सोडायचं असं नाही, फक्त नमाजची खोली बंद राहील का एवढं विचारून घ्या. मला अशा घरांतूनही फार प्रेम मिळालंय, लोक पहाटे माझ्यासाठी आवाज न करता फिरलेत.

पैसे

आकडे साधारण धरून चला, सीझनप्रमाणे खालीवर होतात. मुंबई ते क्वालालंपूर जाऊन-येऊन तिकीट दोन-तीन महिने आधी काढलं तर 18 ते 25 हजारांत बसतं. दहा दिवसांच्या ट्रॅव्हल इन्शुरन्सला हजाराच्या आसपास, हा टाळू नका. रिंगिट म्हणजे तिकडचं चलन, त्याचा भाव निघायच्या आधी बघून घ्या, साधं पोटभर जेवण 8-10 रिंगिटला होतं. एअरपोर्टवरून केएल सेंट्रलला, म्हणजे क्वालालंपूरच्या मुख्य स्टेशनला, एक्सप्रेस ट्रेन 55 रिंगिट घेते आणि बस साधारण 15, बसने जा. हॉस्टेलच्या फक्त बायांच्या डॉर्ममध्ये बेड 40 ते 60 रिंगिटला. दहा दिवस धरले, त्यात दोन-तीन रात्री हॉस्टेल आणि बाकी घरी, तर तिकिटासकट 45 हजारांच्या आत होतं. वरचे 8-10 हजार ते मी आधी बोलले ते निघायचे पैसे, त्यांना शॉपिंगसाठी हात लावायचा नाही.

एटीएम कार्डावर परदेशातला वापर बँकेने आधी बंदच ठेवलेला असतो, तो अॅपमधून चालू करून घ्या, नाहीतर तिकडे मशीनसमोर उभ्या राहाल आणि काही निघणार नाही. मशीनने विचारलं की रुपयांत घेऊ की तिकडच्या पैशांत, तर नेहमी तिकडचेच निवडा, रुपयांत घेतलं की भाव वाईट लागतो. थोडे डॉलर कॅश ठेवा, नोटा स्वच्छ, न फाटलेल्या, न दुमडलेल्या. एका प्रवासाला 3000 डॉलरपर्यंत कॅश नेता येते, आपल्याला त्याच्या आसपासही लागत नाही. पैसे तीन ठिकाणी ठेवा आणि एक जागा कपड्यांच्या आत.

इकडून निघायचं म्हणाल तर भुसावळ-जळगाववाल्यांना मुंबई सरळ आहे. नंदुरबारवाल्यांनी सुरतचं विमानतळ पण बघा, तिथूनही परदेशात विमानं जातात आणि ट्रेन आपल्याच लाइनवर. ट्रेन अशी पकडा की विमानाच्या आधी सहा-सात तास हातात राहतील, आपल्या गाड्यांचा भरवसा धरू नका.

पिशवीत काय, आणि काय अजिबात नाही

स्वस्त तिकिटात बहुतेक 7 किलोची एकच हँडबॅग मिळते, तेवढ्यातच बसवा. दोन स्कार्फ बिनपिनेचे, पातळ जानमाज म्हणजे नमाजची चटई, कोलॅप्स होणारी पाण्याची बाटली टॉयलेटसाठी, कारण मलेशियात सगळीकडे पाइप असतो पण सगळे देश तसे नाहीत. दाराखाली अडकवायचा रबरी ठोकळा, शंभर रुपयांच्या आत येतो, कडी ढिली असेल तर हा बाहेरून उघडू देत नाही.

यजमानांसाठी भेट म्हणून जळगावचे केळी वेफर्स सगळ्यात उत्तम, हलके, शाकाहारी, पाकिटावर सगळं छापलेलं, कस्टमवाला काही बोलत नाही. आणि शेव. एकदा तिकडच्या स्वयंपाकघरात शेवभाजी करून घातली की घरातली पोरं नाव विचारतात. पण मसाल्याचं जपा! आपल्या काळ्या मसाल्यात बऱ्याच घरी खसखस घालतात, आणि यूएई, सौदीमध्ये खसखस म्हणजे ड्रगच्या यादीतली वस्तू, सिंगापूरलाही बंदी, मलेशियातही न्यायची नाही. आपल्या घरातली चिमूटभर खसखस तिकडे केस होऊ शकते. म्हणून न्यायचा मसाला खसखस न घालता वेगळा कुटून घ्या किंवा दुकानचं बंद पाकीट न्या ज्यावर घटक छापलेत. ताजी फळं, बी-बियाणं, मांसाचं काही नको. औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, मूळ पाकिटात, ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली वेदनेची, खोकल्याची औषधं तर आखाती देशांत परवानगीशिवाय नेऊच नका. आणि दुसऱ्या कोणाचं पार्सल, मग ती सख्खी खाला का असेना, उघडून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही.

विमानतळावर

आपल्याकडे बायांची तपासणी पडद्याआड बाई अधिकारीच करते. स्कार्फ काढायला सांगितला तर बंद खोलीत, बाईसमोर काढते असं शांतपणे म्हणा, ते ऐकतात. पहिला पासपोर्ट, एकटी बाई, म्हणून इमिग्रेशनवाला चार प्रश्न जास्त विचारेल, घाबरू नका. परतीचं तिकीट, इन्शुरन्स, पहिल्या रात्रीचं बुकिंग, पैशांचा पुरावा, यजमानांचा पत्ता, सगळं छापून एका फाइलमध्ये. खरं आणि थोडक्यात बोला. पहिली रात्र मी नेहमी स्वतःच्या बुकिंगमध्येच काढते, यजमानाकडे दुसऱ्या दिवशी उजेडात जाते. तेवढ्यात सिमकार्ड होतं, झोप होते, डोकं ठिकाणावर येतं.

त्या घरात

घर कोणत्या गल्लीत आहे, बस कुठे थांबते, जवळचं हॉटेल किती लांब आहे हे आत जायच्या आधी बघून घ्या. लोकेशन घरी पाठवा. घरी एक खूणशब्द ठरवा, आमच्यात तो एका भाजीचं नाव आहे, तो बोलले की समजायचं मला इथून निघायचंय आणि मला लगेच फोन करून तब्येतीचं काहीतरी कारण काढायचं.

नमाजच्या वेळांचं एक सांगते. मलेशिया, इंडोनेशिया शाफई पंथाचे आहेत, त्यांची असर म्हणजे दुपारनंतरची नमाज आपल्या हनफी असरपेक्षा बरीच आधी होते. अॅपमध्ये आपली सेटिंग तशीच राहते आणि मग घरचे असर पढून मोकळे, आपण अजून बसलेलो. मलेशियातल्या अलोर सेतार गावच्या घरी हेच झालं, त्या घरच्या मकचिकने, तिकडे काकीला मकचिक म्हणतात, टेलेकुंग आणून माझ्या मांडीवर ठेवला आणि घड्याळाकडे बोट केलं. मी तिला सांगितलं की आमची वेळ थोडी मागे आहे, तर तिने तो घडी करून माझ्या उशाशी ठेवला आणि माझ्या वेळेला स्वतः येऊन पंखा लावून गेली. यात वाद नसतो, फक्त आधी बोलायचं. आणि एकाच ठिकाणी 15 दिवसांपेक्षा कमी राहणार असाल तर हनफी हिशेबाने कसर आहे म्हणजे नमाज आखूड होते, जोहर असर इशाचे फर्ज दोनच, त्यामुळे प्रवासात बराच भार हलका होतो.

वजू बेसिनमध्ये केला तर फरशी पुसून या, पाय बाथरूममध्येच धुवा, कित्येक देशांत बाथरूमची फरशी कोरडी ठेवतात आणि ओल्या फरशीवर घरातली म्हातारी माणसं घसरतात. पहाटे फजरला उठणार हे रात्रीच सांगा. ताट उचला, भांडी घासा, एक वेळचं जेवण तुम्ही करा, बाजारातून भाजी तुम्ही आणा. दोन-तीन रात्रींच्या वर राहू नका, कितीही थांब म्हणाले तरी. घरात पुरुष असतील तर स्कार्फ ठेवूनच वावरा, तुमची हद्द पहिल्याच संध्याकाळी दिसली पाहिजे, म्हणजे नंतर कोणाला सांगावी लागत नाही. हस्तांदोलन नको असेल तर छातीवर हात ठेवून हसायचं, जगात सगळीकडे समजतं.

मलेशियातल्या केडाह, केलांतान, तेरेंगानू या राज्यांत सुट्टी शुक्रवार-शनिवार असते, ऑफिसची बँकेची कामं त्याप्रमाणे ठेवा.

मन खट्टू झालं तर

मन म्हणालं इथे काहीतरी बरोबर नाही, तर कारण शोधत बसू नका. पुरावा लागत नाही. "घरून फोन आला, मला जावं लागेल" एवढं म्हणायचं, बॅग उचलायची आणि निघायचं, अपमान होईल त्यांचा असा विचार आपल्याला लहानपणापासून शिकवलेला असतो, तो त्या वेळी बाजूला ठेवा. मी अशी एका घरातून रात्री नऊला निघालेय, काही घडलं नव्हतं, फक्त घरातली जी बाई असणार होती ती नव्हती आणि कोणी नीट सांगेना. टॅक्सी केली, हॉस्टेल गाठलं, त्या वेगळ्या ठेवलेल्या पैशांतून. बॅग रोज रात्री भरलेली ठेवा, पासपोर्ट उशीखाली, फोन चार्ज. मलेशियात पोलीस-अॅम्ब्युलन्सचा नंबर 999. पासपोर्ट हरवला तर आधी पोलीस रिपोर्ट, मग भारतीय दूतावास, पासपोर्टची आणि व्हिसाची फोटोकॉपी बॅगेत वेगळी आणि ईमेलमध्ये एक. परराष्ट्र मंत्रालयाचं मदद नावाचं पोर्टल आहे, जायच्या आधीच त्यावर आपलं नाव नोंदवून ठेवा.

परत आल्यावर

दोन-तीन दिवसांत रेफरन्स लिहून टाका, आठवण ताजी असते तोवर. "खूप छान लोक" लिहून आपल्या मागून येणाऱ्या बाईला काही कळत नाही. घरात कोण होतं, झोपायला कुठे दिलं, कडी होती का, नमाजला जागा मिळाली का, जेवण काय होतं, बसस्टॉप किती लांब, रात्री रस्त्यावर दिवे आहेत का, हे लिहा. आणि काही वाईट वाटलं असेल तर तेही साध्या शब्दांत लिहा, त्यांनी कितीही खाऊ घातलं असलं तरी.